लाकडी फ्लूट की धातूची? निवड कोणत्या क्रमाने करावी

फ्लूट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: लाकडी घेऊ की धातूची? मी बरीच वर्षं धातूची वाजवून मग लाकडीकडे वळले आणि आज दोन्ही वाजवते. शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्या वेळा समोर आला आहे की उत्तराचा क्रम आता मनात पक्का बसला आहे. आधी आपलं संगीत, मग बोटांची पद्धत, मग मुखरंध्राची (फुंकायच्या छिद्राची) घडण आणि त्यानंतर लाकूड की धातू. हा क्रम उलटा केला की माणूस सुंदर काळ्याभोर लाकडाच्या प्रेमात पडतो आणि घरी आल्यावर त्याला कळतं की वाद्यवृंदातली सुरावट या वाद्यावर नीट वाजतच नाही.

इथे फ्लूट म्हणजे आडवी धरून वाजवायची पाश्चात्त्य बासरी. बांबूच्या बासरीचा विचार वेगळा आणि तो या लेखात नाही.

पायरी 1: काय वाजवायचं आहे ते कागदावर लिहा

पुढच्या दोन वर्षांत आपण खरोखर काय वाजवणार आहोत, ते लिहून काढा. वाद्यवृंद किंवा बँड? परीक्षेचे तुकडे? अठराव्या शतकातलं बरोक संगीत? आयरिश नृत्यधून? की घरी एकट्याने, पियानोच्या साथीने? मनात सगळंच असतं. पण आठवड्यातले तास कशावर जाणार, हे लिहिताना खरं उत्तर बाहेर येतं.

वाद्यवृंद, बँड आणि परीक्षा असं लिहिलं असेल आणि तुम्ही नवशिके असाल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे: चांगल्या अवस्थेतली, चांदीचा मुलामा दिलेली धातूची विद्यार्थी फ्लूट घ्या. पहिल्या वर्षी ओठांची ठेवण, श्वास आणि बोटं या तीनच गोष्टींकडे लक्ष हवं. वाद्याच्या तब्येतीची काळजी तेव्हा नको. पुढच्या पायऱ्या मग दुसरं वाद्य घेताना वाचा.

पायरी 2: ‘लाकडी फ्लूट’ म्हणजे नेमकी कोणती ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लाकडी फ्लूट या एकाच नावाखाली तीन वेगळी वाद्यं विकली जातात.

पहिलं बरोक काळातलं, ज्याला ट्रॅव्हर्सो म्हणतात. सहा छिद्रं आणि बहुधा एकच चावी, म्हणजे छिद्र झाकणारी-उघडणारी कळ. त्याचा ‘ए’ सूर बहुतेक वेळा 415 हर्ट्झला लावलेला असतो, म्हणजे आजच्या 440 च्या जवळपास अर्धा सूर खाली. आजच्या पियानोबरोबर ते वाजणार नाही. दुसरं आयरिश फ्लूट. तीही सहा छिद्रांची, चाव्यांशिवाय किंवा काही चाव्यांसह, आणि बहुधा डी या सुरातली. डी आणि जी या स्वरमालिका तिच्यावर सहज वाजतात, पण चाव्या नसतील तर बाकीच्या बऱ्याच सुरांसाठी छिद्र अर्धं झाकावं लागतं किंवा आडवळणाची बोटं घ्यावी लागतात. या दोन्ही वाद्यांची आतली पोकळी हेडमध्ये (मुखरंध्र असलेल्या वरच्या तुकड्यात) सरळ असते आणि खाली पायाकडे निमुळती होत जाते.

तिसरं म्हणजे बोम पद्धतीची लाकडी फ्लूट. म्युनिकचा थिओबाल्ड बोम हा पेशाने सोनार आणि उत्तम फ्लूटवादकही होता. 1832 मध्ये त्याने कड्यांच्या चाव्यांची नवी यंत्रणा बसवली, आणि 1847 मध्ये पोकळीची रचनाच उलटी केली: धड सरळ नळीचं आणि निमुळतेपणा हेडमध्ये. छिद्रं ध्वनिशास्त्राच्या हिशोबाने जिथे हवीत तिथे आणि हवी तेवढी मोठी पाडली, बोटं पोचत नाहीत तिथे चाव्या दिल्या. आजची प्रत्येक धातूची फ्लूट याच आराखड्यावर चालते आणि लाकडी बोम फ्लूटही. म्हणून बोटांच्या दृष्टीने धातूची फ्लूट आणि लाकडी बोम फ्लूट या सख्ख्या बहिणी आहेत. लाकडी बोम आणि लाकडी आयरिश यांच्यात मात्र दिसण्यापलीकडे फारसं साम्य नाही.

त्यामुळे ‘लाकडी’ हा शब्द ऐकला की लगेच विचारा: पोकळी निमुळती की सरळ? चाव्या किती? ‘ए’ किती हर्ट्झला? आयरिश किंवा बरोक संगीत हे तुमचं पायरी 1 चं उत्तर असेल, तर निवड इथेच झाली: त्या संगीताचं वाद्य लाकडीच आहे. आयरिश फ्लूट टणक काळ्या प्लास्टिकमध्येही मिळते. हवामान बेभरवशाचं असेल तर ती चांगली सोय आहे आणि तिला कमी लेखू नये. पुढचा सगळा विचार बोम पद्धतीच्या दोन बहिणींमधून एक निवडणाऱ्यांसाठी.

पायरी 3: लाकूड आवाजाला नेमकं काय देतं, ते समजून घ्या

या मुद्द्यावर वादकांमध्ये कडाक्याचे वाद होतात, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

फ्लूटमध्ये नळी वाजत नाही, नळीतली हवा वाजते. ओठांतून निघालेला हवेचा झोत मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर आपटतो, आत-बाहेर डोलतो आणि नळीतल्या हवेच्या स्तंभाला कंप देतो. व्हायोलिनमध्ये लाकडाची फळी स्वतः थरथरून आवाज फेकते, तसं इथे होत नाही. भिंत थोडी थरथरते आणि ती बोटांना जाणवते, पण श्रोत्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजात तिचा वाटा नगण्य असतो.

हे तपासून पाहिलेलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी 1971 मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या, आतून सारख्या मापाच्या चाव्यांविना बासऱ्या करून ऐकवल्या. ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही आणि हाताला वजनाचा सुगावा लागू दिला नाही तेव्हा वाजवणाऱ्यांनाही नाही. 2001 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी एकाच कारागिराच्या, एकाच नमुन्याच्या पण चांदी, सोनं, प्लॅटिनम अशा वेगवेगळ्या धातूंच्या फ्लूट व्यावसायिक वादकांकडून वाजवून घेतल्या. तिथेही धातूमुळे ऐकू येईल असा फरक सापडला नाही. वादकावादकांत मात्र होता.

मग लाकडी फ्लूट वेगळी का वाटते? वाटते, आणि तो भ्रम नाही. कारण प्रत्यक्षात लाकडी आणि धातूच्या फ्लूट आतून सारख्या नसतात. धातूच्या नळीची भिंत साधारण 0.35 ते 0.46 मिलिमीटर जाड असते, म्हणून मुखरंध्राला खोली देण्यासाठी नळीवर छोटी कड उभी करून तिच्यावर ओठपट्टी बसवतात. लाकडाची भिंत मुळातच काही मिलिमीटर जाड, त्यामुळे छिद्र थेट लाकडातच कोरलं जातं. कडेची धार, आतून दिलेला उतार, ओठाखालचा पृष्ठभाग, बोटांखालच्या छिद्रांच्या कडा, पोकळीची गुळगुळीत किंवा किंचित सच्छिद्र भिंत हे सगळं बदलतं, आणि या गोष्टींचा आवाजावर खरोखर परिणाम होतो. मुखरंध्राच्या कडेवरचा केसभर फरकही ओठांना लगेच कळतो.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. ‘लाकडी आवाज’ हवा असेल तर लाकूड विकत घेऊन तो मिळेलच असं नाही. तो मुखरंध्र कोरणाऱ्याच्या हातात असतो. झणझणीत आवाजाचं लाकडी हेड आणि गोल, गडद आवाजाचं चांदीचं हेड, दोन्ही मी वाजवली आहेत.

खुद्द बोमचं मत मला आजही पटतं. 1871 च्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की मोठ्या दालनात चांदीची फ्लूट सरस, तिचा सूर तेजस्वी आणि हवा तसा वळणारा. पण ती इतकी सहज बोलते की वादक जास्त फुंकतात आणि सूर कर्कश होतो. बहुतेक वादकांच्या ओठांना लाकडीच जास्त मानवते, तिचा नाद भरदार आणि सुखद, असंही त्याने नोंदवलं आहे. दोन्ही प्रकार स्वतः बनवलेल्या माणसाचं हे मत आहे.

पायरी 4: वाद्याबरोबर तुम्ही कसे राहता ते पाहा

आवाजापेक्षा इथे माणसं जास्त अडतात, म्हणून हे दुकानात जाण्याआधीच तपासा.

*हवामान आणि दिनक्रम.* लाकूड ओलावा पितं आणि सोडतं. वाजवताना आतली बाजू श्वासाच्या वाफेने फुगते, बाहेरची कोरडीच राहते आणि या ओढाताणीत लाकडाच्या रेषांच्या दिशेने तडा जातो. तुमच्याकडे वर्षातून काही महिने हवा खूप कोरडी असते का? खोली सतत गरम किंवा थंड केलेली असते का? वाद्य गाडीत, उन्हात, उघड्या मैदानावर राहतं का? यांतल्या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर धातूची घ्या. महिनाभर वाजवायचं नाही आणि मग एका दिवशी तीन तास बसायचं, अशी सवय असेल तरीही धातूचीच. लाकडाला रोजची थोडी सोबत लागते.

*सूर आणि तापमान.* नळीतली हवा एक अंश सेल्सियसने तापली की सूर सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. हे दोन्ही फ्लूटना लागू आहे. फरक वेगात आहे. धातू पटकन तापतो आणि पटकन निवतो. थंड सभागृहात वीस मापं (बार) गप्प बसून मग सूर धरायचा असेल तर धातूची आधी हळूच उबेत आणावी लागते. लाकूड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की ऊब धरून ठेवतं.

*हात.* धातूची बोम फ्लूट साधारण 400 ते 450 ग्रॅम भरते. लाकडी बोम बहुधा तिच्याहून जड आणि जाडही असते. वजन डाव्या तर्जनीच्या मुळावर आणि उजव्या अंगठ्यावर येतं. मनगटाचं किंवा मानेचं दुखणं असेल तर वजनकाट्यावर ठेवून बघा आणि तासभर धरून बघा.

*त्वचा.* बऱ्याच धातूच्या फ्लूट ज्याच्या केलेल्या असतात त्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. निकेलचं वावडं असलेल्यांच्या हनुवटीवर, वरचा मुलामा झिजला की, पुरळ उठतं. अशांना लाकडी हेड किंवा चांदीची ओठपट्टी हा उपाय आहे. पण लाकूड आपोआप निर्धोक नसतं. कोकस आणि रोझवुड या जातींनीही काहींच्या ओठांना खाज सुटते. ओठ दोन-तीन दिवस लागोपाठ त्या लाकडाला टेकवून मगच ठरवा.

*लाकडाची जात.* नव्या बोम फ्लूटसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं ग्रेनाडिला हे शिसवाच्या कुळातलं आफ्रिकी लाकूड, इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. ‘मोपाने’ नावाचं लाकूड किंचित तांबूस आणि टिकाऊ. बॉक्सवुड बरोक वाद्यांत आवडीने वापरतात, पण ते वाकतं. शिसवाचं हे संपूर्ण कूळ 2017 पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आलं. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडचं जुनं वाद्य मात्र वेगळ्या आणि कडक नियमाखाली येतं, ते सीमेपार नेण्याआधी कागदपत्रं विचारा.

पायरी 5: वाजवून निवडा, आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

जी फ्लूट रोज वाजवता ती बरोबर न्या. तुलनेला ओळखीचा सूर हवा. आधी आपल्याच वाद्यावर पंधरा मिनिटं वाजवून ओठ तयार करा आणि मग नवीन उचला. पहिल्या दोन मिनिटांत जी आवडेल तिच्यापासून सावध राहा. जास्त चमकदार वाजणारं वाद्य जवळून नेहमीच बाजी मारतं.

सुरुवात लांब सुरांनी करा, ट्यूनर समोर ठेवून. खालच्या सप्तकातला एक सूर अगदी हळू सुरू करून मोठा करत न्या आणि पुन्हा विरवा. सूर चढतो किंवा उतरतो ना? किती? प्रत्येक फ्लूटमध्ये थोडं होतं, पण ओठांनी सहज सावरता येईल एवढंच व्हावं. मग खालच्या ‘सी’ची बोटं तशीच ठेवून फक्त फुंकीने वरचे अंशस्वर काढा: वरचा सी, जी, त्यावरचा सी, ई. हे स्वच्छ आणि अंदाजाप्रमाणे सुटले तर हेड आणि तुमचे ओठ यांचं जुळतं. त्यानंतर तिसऱ्या सप्तकातले ई, एफ शार्प आणि जी शार्प अगदी हळू आवाजात थेट सुरू करून पाहा. कोणत्याही फ्लूटवर हे त्रासदायक सूर आहेत, म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घ्यावी. शेवटी खालच्या सप्तकात जिभेचे जलद आघात. काही लाकडी हेड इथे जरा आळशी वाटतात, तर काहींत आघात टपोरे उमटतात.

लाकडीवर एक गोष्ट मुद्दाम करा. तुम्ही नेहमी फुंकता त्याहून कमी फुंका. धातूच्या सवयीने जोर लावला की काही लाकडी हेडमध्ये सूर फाटतो आणि माणूस वाद्याला नावं ठेवतो. झोत बारीक आणि नेमका करून पुन्हा वाजवा, दहा मिनिटं द्या. मी लाकडीकडे वळले तेव्हा पहिला महिना माझ्याच श्वासाची सवय बदलण्यात गेला. त्याचा फायदा आज धातूच्या फ्लूटवरही होतो.

आता ऐकण्याची पाळी दुसऱ्याची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो मोठ्या दालनात, ज्याच्या कानावर विश्वास आहे अशा माणसाला पाठ करून बसवा. तोच आठ मापांचा तुकडा प्रत्येक फ्लूटवर निदान तीनदा, क्रम बदलून, नाव न सांगता वाजवा आणि त्याला लिहायला सांगा. ‘लाकडी वाटली’ असं नको, ‘स्पष्ट’, ‘दबका’, ‘भरदार’ असे शब्द हवेत. तिन्ही वेळा तीच फ्लूट आवडली तर तो फरक खरा. दर वेळी वेगळी आवडली तर आवाजाचा मुद्दा संपला. मग वजन, देखभाल आणि तुम्हाला वाजवताना काय वाटतं, यावर निर्णय घ्या. हाताला होणारा आनंदही मोजायचा, कारण रोज वाद्य उचलायला तोच लावतो.

जमलं तर एक-दोन आठवडे वाद्य घरी मागून घ्या.

पायरी 6: मधला मार्ग तपासा

धातूच्या धडावर लाकडी हेड हा पर्याय पुष्कळांना सुचतच नाही. आवाजाच्या घडणीत हेडचा वाटा सर्वांत मोठा, मग धड आणि यंत्रणा आहे तीच ठेवून फक्त हेड का बदलू नये? वजन थोडंच वाढतं, चाव्यांची यंत्रणा धातूच्या नळीवरच राहते आणि कोरड्या दिवसांत चांदीचं हेड लावता येतं. माझ्या मते लाकडाची ओढ असलेल्या दहांपैकी सात वादकांचं समाधान इथे होतं. अट एकच: सांध्याचं माप. कंपनीगणिक धडाचा व्यास किंचित वेगळा असतो. हेड घट्ट बसत असेल तर पिळून आत ढकलू नका, कारागिराकडून जुळवून घ्या.

पायरी 7: जुनी लाकडी घेत असाल तर

एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या इंग्लिश लाकडी फ्लूट मोहात पाडतात, आणि तिथे दोन सापळे आहेत. पहिला सुराचा. त्या काळी इंग्लंडमध्ये ‘ए’ सुमारे 452 हर्ट्झला लावून केलेली वाद्यं पुष्कळ होती. ‘हेड जरा बाहेर ओढा, 440 ला येईल’ असं विकणारा सांगेल. एक सूर येईलही, पण छिद्रांमधली अंतरंच चढ्या सुरासाठी आखलेली असल्याने बाकीचे आपसांत बेसूर होतात. ट्यूनरवर तिन्ही सप्तकं वाजवल्याशिवाय व्यवहार करू नका.

दुसरा सापळा धातूचं अस्तर असलेल्या हेडचा. आत धातूची नळी आणि बाहेर लाकूड अशी ही रचना. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, आतला धातू आकसत नाही, आणि लाकूड उलतं. मी घेतलेल्या पहिल्या जुन्या वाद्यात मुखरंध्रातून निघालेली अशीच एक केसासारखी चीर होती आणि काळ्या मेणाने ती बुजवलेली होती. विकणाऱ्याने सांगितली नाही, मला दिसली नाही. तेव्हापासून मी हेड उजेडात तिरकं धरून फिरवते. मग मुखरंध्र तळहाताने घट्ट बंद करून दुसऱ्या टोकाने हवा ओढते. ओठ चिकटून राहिले तर हेड हवाबंद आहे. ओढ लगेच सुटली तर चीर तरी आहे किंवा हेडचं वरचं टोक बंद करणारं बूच तरी सैल आहे. बूच जागेवर आहे का तेही पाहा: बोम फ्लूटमध्ये साफसफाईच्या सळईवरची खूण, सळई आत सरकवल्यावर, मुखरंध्राच्या मध्यावर दिसायला हवी. ती बुचापासून सुमारे 17 मिलिमीटरवर असते.

धातूच्या जुन्या वाद्यात पॅड (चाव्यांखालच्या, छिद्र झाकणाऱ्या गाद्या), चाव्यांचा खुळखुळाट, सांध्यांची झीज आणि नळीवरचे पोचे पाहा, बाकी कारागिरावर सोपवा.

पायरी 8: लाकडी घेतलीत, आता पहिले दोन महिने

नवीन लाकूड घाईने वाजवू नका. पहिला आठवडा दिवसाला दहा ते पंधरा मिनिटं, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. थंड वाद्यात थेट फुंकू नका, आधी हातात धरून ऊब द्या. प्रत्येक वेळी वाजवून झालं की आतून पुसा, सांध्याच्या खाचाही, आणि हेड बंद पेटीत ओलं ठेवू नका. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये राहिला की लाकूड शांत असतं. त्याहून खाली गेला तर पेटीत ओलावा देणारी पुडी ठेवा.

तेल द्यावं की नाही, आणि कोणतं, हे ज्याने वाद्य बनवलं त्याला विचारा. काही कारागीर बदामाचं तेल सांगतात, काही आधीच तेलात मुरवलेलं लाकूड वापरतात आणि वरून काही लावू नका म्हणतात. तेल द्यायचं असेल तर फडक्यावर दोन-तीन थेंब पुरतात. पॅडखाली कागद सरकवून ठेवा, कारण तेल लागलेला पॅड चिकटतो आणि बदलावाच लागतो. वाद्य रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी उरलेलं तेल पुसा.

आणि पहिल्या हिवाळ्यात सांध्यांवरची कडी सैल वाटली किंवा हेड एकदम घट्ट बसायला लागलं, तर जोर लावू नका. तो लाकूड हलत असल्याचा निरोप असतो. त्या दिवशी वाजवणं थांबवा, पेटीतला काटा बघा आणि चीर दिसत असेल तर वाद्य तसंच कारागिराकडे न्या. ताजी, बारीक चीर वेळेत भरली तर पुष्कळदा कायमची बसते.